नाकावर कुंकू बोइंगचं!

सिएटलच्या अलास्का एअरलाइन्सचं विमान लांबूनही ओळखू येतं. शेपटीवर फरची झालर असलेली टोपी घातलेल्या इनुइट माणसाचा हसरा चेहरा असतो. पण काही वर्षांपूर्वी या विमानांच्या नाकापाशी, वैमानिकाच्या खिडकीखाली, आणखी एक गंमत वाचायला मिळायची. ‘प्राउडली ऑल बोइंग’ असे तीन शब्द. आमच्याकडे सगळी विमानं बोइंगची, आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे!

आपल्याकडे ‘आमच्या घरी स्कूटर बजाजचीच’ असं छाती फुगवून सांगणारी घरं होती, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे तो कपाळावर कुंकवासारखा मिरवला जात होता. कारणही जिव्हाळ्याचं होतं. बोइंग ७३७ जिथे तयार होतं तो रेंटनचा कारखाना अलास्काच्या मुख्यालयापासून हाकेच्या अंतरावर. २००८ साली अलास्काने शेवटची एमडी-८० विमानं निवृत्त केली आणि मुख्य ताफा शंभर टक्के ७३७चा झाला.

मग लग्न झालं. २०१६च्या अखेरीस अलास्काने व्हर्जिन अमेरिका विकत घेतली आणि तिच्याबरोबर एअरबसची विमानं घरात आली. नाकावरचे तीन शब्द खोटे ठरले. ती विमानं एकेक करून काढून टाकायला कंपनीला २०२३चा सप्टेंबर उजाडला. पुन्हा सगळं घर बोइंगचं झालं, आणि जेमतेम तीन महिन्यांनी, ५ जानेवारी २०२४ला, पोर्टलंडहून उडालेल्या अलास्काच्याच नव्याकोऱ्या ७३७ मॅक्स ९ च्या भिंतीचा एक तुकडा हवेत निखळून पडला. १७१ प्रवासी होते, सगळे वाचले. पण ६५ विमानं जमिनीवर बसली आणि बोइंगला अलास्काला सुमारे १६ कोटी डॉलरची भरपाई द्यावी लागली. इतक्या निष्ठेच्या घराला असा अनुभव यावा, याचं खरोखर वाईट वाटतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अलास्काने हवाईयन एअरलाइन्स घेतली, आणि तिच्याबरोबर पुन्हा एअरबस!

एकपत्नी कंपन्यांची राणी

विमान जगतातल्या एकपत्नीव्रताचं नाव काढलं की पहिला मान टेक्सासच्या साउथवेस्टचा. १८ जून १९७१ रोजी ७३७ घेऊन सुरुवात केली, आजही ताफ्यात सुमारे ८०० विमानं आहेत आणि सगळी ७३७च. मध्यंतरी काही काळ भाड्याने आणलेली ७२७ उडवली, तेवढाच काय तो अपवाद. २०११मध्ये एअरट्रॅन ही कंपनी घेतली तेव्हा तिच्याबरोबर ८८ बोइंग ७१७ आली. तीही बोइंगचीच, पण ७३७ नव्हती ना! साउथवेस्टने ती सगळी डेल्टाला भाड्याने देऊन टाकली.

या व्रतामागचं गणित डोळ्यांत भरण्यासारखं आहे. १९७२मध्ये पैशांची चणचण होती म्हणून कंपनीने चारपैकी एक विमान विकलं, पण वेळापत्रक चार विमानांचंच ठेवलं. कसं? उतरलेलं विमान दहा मिनिटांत पुन्हा उडवायचं. माणसं उतरवा, सामान काढा, साफसफाई करा, नवी माणसं चढवा, दहा मिनिटांत! सगळी विमानं एकसारखी असली की हे हात आपोआप चालतात. कोणत्या कप्प्यात काय, कोणतं दार कसं उघडायचं, कोणता बोल्ट कुठे, सगळं पाठ. वैमानिक आजारी पडला तर दुसरा कुठलाही बसू शकतो. सिम्युलेटर एकाच प्रकारचे, सुटे भाग एकाच प्रकारचे.

आणि ब्रँड? साउथवेस्टचं घरचं विमानतळ डॅलसचं लव्ह फील्ड, म्हणून शेअर बाजारात तिची खूणच ‘एलयूव्ही’, म्हणजे लव्ह. विमानाच्या पोटावर रंगवलेलं हृदय. १९९०मध्ये एका विमानाच्या नाकापासून शेपटीपर्यंत टेक्सासचा झेंडा रंगवला. आतून सगळी सारखी, म्हणून बाहेरून मनसोक्त वेगळी करता येतात, हे मला फार आवडतं.

माहेरचं आडनाव

आता माझी सगळ्यांत लाडकी गोष्ट. बोइंगने कित्येक दशकं प्रत्येक ग्राहकाला दोन अक्षरांचा किंवा अंकांचा एक संकेत दिला होता, आणि तो विमानाच्या मॉडेलच्या नावातच बसवायचे. अमेरिकेच्या पॅन अॅमचा २१, ब्रिटिशांच्या बीओएसीचा आणि पुढे ब्रिटिश एअरवेजचा ३६, ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासचा ३८, साउथवेस्टचा एच४.

आणि एअर इंडियाचा ३७.

म्हणून १९६० साली हिमालयाच्या शिखरांची नावं घेऊन आलेली एअर इंडियाची बोइंग होती ७०७-४३७. १९७१मध्ये मुंबईत उतरलेलं ‘सम्राट अशोक’ हे जम्बो होतं ७४७-२३७. पुढे ‘शिवाजी’ नावाचं ७४७ आलं ते ७४७-३३७. आणि अलीकडच्या काळात अमेरिकेपर्यंत थेट जाणारी ७७७ होती ७७७-२३७ आणि ७७७-३३७. पन्नास वर्षं, चार पिढ्या, पण शेवटचे दोन आकडे तेच. इंडियन एअरलाइन्सची ७३७ मात्र ७३७-२ए८, कारण तिचं खातं वेगळं.

खरी मजा पुढे आहे. विमान दुसऱ्या कंपनीला विकलं तरी हा संकेत बदलत नसे. रंग बदलेल, नाव बदलेल, देश बदलेल, नोंदणी क्रमांक बदलेल, पण लुफ्थान्झासाठी बनलेलं विमान कागदोपत्री मरेपर्यंत लुफ्थान्झाच्या ३० चंच. लग्नानंतर सासरी गेलेल्या मुलीचं माहेरचं आडनाव सातबाऱ्यावर टिकून राहावं तसं. जाणकार मंडळी एखाद्या कोपऱ्यातल्या देशातल्या जुन्या ७३७चा क्रमांक वाचतात आणि ‘अरे, ही तर अमक्याची लेक’ म्हणून सांगतात.

७८७ आणि ७३७ मॅक्स आले तेव्हा बोइंगने ही पद्धत बंद केली. आता ७८७-८ म्हणजे सगळ्यांचं ७८७-८. मला वाटतं, एक मायेचा धागा तुटला.

खिडक्यांच्या महिरपी

‘सम्राट अशोक’चा विषय निघालाच आहे तर त्याच्या रंगाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९४६मध्ये एअर इंडियाचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी मुंबईत घडवलेला महाराजा, म्हणजे कंपनीचं बोधचिन्ह, तोवर जगभर ओळखीचा झाला होता. जम्बो आल्यावर एअर इंडियाने त्या विमानाला ‘आकाशातला राजवाडा’ केलं आणि प्रत्येक खिडकीभोवती झरोक्याची लाल महिरप रंगवली. जगातल्या कुठल्याही विमानतळावर पन्नास विमानं उभी असली, तरी हे आपलं, हे लहान मूलही सांगू शकेल. बोइंगचं यंत्र, जयपुरी झरोका आणि मुंबईचा महाराजा! सिएटलच्या पत्र्यावर इतकी देशी नक्षी दुसऱ्या कुणी चढवली असेल असं मला वाटत नाही. १ जानेवारी १९७८ला हेच ‘सम्राट अशोक’ वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळलं आणि २१३ जीव गेले. मुंबईतल्या जुन्या माणसांना ती रात्र अजून आठवते.

पत्रा बदलला, ब्रँड बदलला

अमेरिकन एअरलाइन्सची विमानं अनेक दशकं रंगवलेलीच नसायची. चकचकीत घासलेलं अॅल्युमिनियम, त्यावर लाल-पांढरे-निळे पट्टे. रंगाचं वजन वाचायचं आणि उन्हात विमान आरशासारखं चमकायचं. एअरबस ए३०० आलं तेव्हा पहिला खडा लागला. त्याच्या अंगावरचे काही भाग धातूचे नव्हते, त्यामुळे सुरुवातीला ती विमानं करड्या रंगाने रंगवावी लागली. मग आलं ७८७, ज्याचं जवळपास सगळं अंगच कार्बनच्या धाग्यांचं. घासायला पत्राच नाही! जानेवारी २०१३मध्ये कंपनीने रुपेरी रंगाची नवी ओळख जाहीर केली आणि ती चमक इतिहासजमा झाली. विमान बनवणाऱ्याने साहित्य बदललं, म्हणून ग्राहकाचा चेहरा बदलला. ब्रँड कुणाच्या हातात असतो, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

याच अमेरिकनने १९९६मध्ये बोइंगशी वीस वर्षांचं वचन केलं होतं: विमानं घेऊ तर फक्त तुमचीच. १९९७मध्ये डेल्टा आणि कॉन्टिनेन्टलनेही तसंच वचन दिलं. तेव्हाच बोइंग मॅक्डोनेल डग्लसला पोटात घेत होती, त्यामुळे युरोपच्या स्पर्धा अधिकाऱ्यांनी डोळे वटारले. शेवटी ही वचनं आम्ही अंमलात आणणार नाही, असं बोइंगला लिहून द्यावं लागलं. २०११मध्ये अमेरिकनने एका दमात ४६० विमानांची मागणी नोंदवली: बोइंगची २००, आणि एअरबसची २६०!

मोडलेल्या सोयरिकी आणखीही आहेत. ब्रिटनची ईझीजेट १९९५मध्ये बोइंगवर सुरू झाली, विमानाच्या अंगावर भलामोठा फोन नंबर लिहून. २००२मध्ये तिने १२० एअरबस ए३१९ मागवली. शिवाय जास्त खुर्च्या बसाव्यात म्हणून पंखांवर आणीबाणीची जादा दारं करून घेतली. जपान एअरलाइन्सने कधीच एअरबसकडून विमान विकत घेतलं नव्हतं, तिनेही २०१३मध्ये ३१ ए३५० मागवली. डच केएलएम १९३४पासून डग्लसची विमानं उडवत होती. २०१४मध्ये शेवटचं एमडी-११ निवृत्त झालं तेव्हा ८० वर्षांचा संसार संपला. आणि क्वांटासचा थाट ऐका. १९७९ ते १९८५ तिच्या ताफ्यात फक्त आणि फक्त जम्बो होते. दुसरं विमानच नाही!

व्हर्जिन अटलांटिकने तर एअरबस ए३४०च्या इंजिनांवर ‘लांबच्या प्रवासाला चार इंजिनं’ अशा अर्थाची घोषणाच रंगवली होती. २०२०पासून तिची सगळी विमानं दोन इंजिनांची आहेत.

जरीमरीतून बघा

आपल्याकडे ही विभागणी फार छान दिसते. इंडिगो २००६मध्ये सुरू झाली ती त्याआधीच्या वर्षी मागवलेल्या १०० एअरबसच्या भरवशावर. जून २०२३मध्ये तिने एकदम ५०० एअरबस मागवली. प्रवासी विमानांच्या इतिहासात एका वेळची एवढी मोठी मागणी त्याआधी कुणी नोंदवली नव्हती. याउलट मुंबईची अकासा फक्त ७३७ मॅक्सवाली. ७ ऑगस्ट २०२२ला तिचं पहिलं विमान मुंबईहून अहमदाबादला गेलं.

कुर्ल्याच्या जरीमरीत उभं राहिलं की ही विमानं अगदी डोक्यावरून उतरतात. पण रंग न बघता ओळखायचं असेल तर उतरणाऱ्या नव्हे, नुकत्याच उडालेल्या विमानाच्या पोटाकडे बघा. ७३७ची मोठी चाकं आत घेतली तरी झाकली जात नाहीत. दोन काळ्या थाळ्या दिसत राहतात. एअरबस ए३२० मात्र दारं लावून घेते. जमिनीवर असेल तर ७३७चं इंजिन खालून चपटं दिसतं. विमान मुळातच बुटकं, मग मोठं इंजिन बसवायचं तर खालची बाजू दाबावीच लागली. एअरबसच्या वैमानिकाची बाजूची मागची खिडकी बघा, तिचा वरचा कोपरा कातरलेला असतो. वैमानिकांना याहून मोठा फरक जाणवतो. बोइंगमध्ये समोर सुकाणू, एअरबसमध्ये बाजूला एक छोटी दांडी. त्यामुळे समोर जागा मोकळी राहते, तिथे एक टेबल ओढून घेता येतं आणि ताट त्यावर ठेवून जेवता येतं.

आणि कानांनी ओळखायचं असेल, तर ए३२० फाटकापासून निघताना लक्ष द्या. पायाखालून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येतो, घुर्र-घुर्र, थांबून पुन्हा. एकच इंजिन चालू असलं की दोन बाजूंच्या हायड्रॉलिक दाबात फरक पडतो, आणि तो भरून काढणारा पंप असा गुरगुरतो. पहिल्यांदा ऐकणारे दचकतात. घाबरायचं कारण नाही.

एकखांबी तंबूचा धोकाही आपण पाहिलाय. मे २०२३मध्ये गो फर्स्ट बंद पडली. तिचा ताफा ए३२०चाच होता आणि त्यातली जवळपास निम्मी विमानं एकाच कंपनीच्या इंजिनांअभावी उभी होती. मार्च २०१९मध्ये मॅक्स जगभर जमिनीवर आलं, तेव्हा फक्त त्याच विमानावर भिस्त ठेवणाऱ्यांची झोप उडाली. नोव्हेंबर २०२५मध्ये ए३२० कुटुंबातल्या सुमारे सहा हजार विमानांना संगणकाची दुरुस्ती करावी लागली, तेव्हा पाळी एअरबसवाल्यांची होती. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३मध्ये ४७० विमानं मागवताना २५० एअरबसला आणि २२० बोइंगला दिली, ती मला शहाणपणाची वाटणी वाटते.

कट्टर एअरबसवाली इंडिगोसुद्धा आता घराबाहेर पडलीय. जुलै २०२५मध्ये तिने मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला उड्डाणं सुरू केली, ती नॉर्वेच्या नॉर्सकडून भाड्याने घेतलेल्या बोइंग ७८७ वर. तिकिटावर नाव इंडिगोचं, पण मँचेस्टरला निघालेल्या त्या विमानात पायाखाली कुत्रं काही भुंकत नाही.