प्रकाशाचा धक्का (लेखांक ६) : जालन्याच्या भट्टीतला उंचवटा

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण व्यापाराच्या भरभराटीच्या काळातली. आजच्या जालन्याची ओळख बियाण्यांची आणि सळईची. इथल्या औद्योगिक वसाहतीत भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून बिलेट ओततात आणि बिलेट लाटून टीएमटी सळई काढतात. वितळवण्याचं काम इंडक्शन भट्टी करते. तिच्यात जाळ नसतो. तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं, नळीतून खेळणारं थंड पाणी, आणि तांब्यातून वाहणारा, सेकंदाला काही शे वेळा उलटसुलट होणारा वीजप्रवाह, एवढाच तिचा संसार. वेटोळं लोखंडाला कुठेही शिवत नाही. मध्ये अस्तराची जाड भिंत असते. तरीही लोखंडाचा रस होतो, आणि तो रस सपाट राहत नाही. मधोमध तो वर उचलला जातो, कडेला उतरता होतो आणि आतल्या आत सतत घुसळत राहतो. हा उंचवटा भट्टीवरच्या प्रत्येक कामगाराच्या ओळखीचा आहे. आजचा लेखांक त्याच्याबद्दल आहे.

आतापर्यंत आपण पोकळीतल्या प्रकाशाचा हिशेब केला. प्रकाशाजवळ ऊर्जा असते तसा संवेगही असतो. ऊर्जेला प्रकाशाच्या वेगाने भागलं की संवेग मिळतो. वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर, म्हणून भागाकार फार लहान येतो. भर दुपारी जालन्याच्या काळ्या रानावर दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ऊन पडतं. ते सगळं मातीने शोषलं असं धरलं, तर एका एकरावर त्याचा दाब जेमतेम १.४ ग्रॅम वजनाएवढा भरतो. १८७३ साली मॅक्सवेलने हा दाब कागदावर मांडला, पण तो प्रयोगात पकडायला १९०० च्या आसपास रशियात लेबेदेव आणि अमेरिकेत निकोल्स व हल यांना अतोनात कष्ट पडले, ते यामुळेच.

मग हेच विद्युतचुंबकीय क्षेत्र जालन्यात वितळलेल्या पोलादाला उचलून कसं धरतं?

भट्टीतली वारंवारता ५०० हर्ट्झ धरू. हवेत या वारंवारतेच्या लहरीची लांबी ६०० किलोमीटर होते, जालन्याहून मुंबईला पोचून पुढे समुद्रात जाईल इतकी. म्हणून वेटोळ्याजवळ लहर अशी जाणवतच नाही, जाणवतं ते फक्त कमीजास्त होणारं चुंबकीय क्षेत्र. पण तेच क्षेत्र वितळलेल्या पोलादात शिरलं की चित्र पालटतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे पोलादात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, ते प्रवाह क्षेत्राला विरोध करतात, आणि क्षेत्र अडखळत, विझत आत सरकतं. साधारण पावणेतीन सेंटिमीटर आत जाईपर्यंत त्याचं बळ जवळपास एकतृतीयांशावर येतं. पोलादातली तरंगलांबी भरते फक्त १७ सेंटिमीटर. तिला ५०० ने गुणलं की वेग येतो सेकंदाला सुमारे ८३ मीटर. जी लहर पोकळीत प्रकाशाच्या वेगाने धावते, ती पोलादात वादळी वाऱ्याच्या चालीने जाते. काचेत प्रकाश दीडपट मंदावतो. इथे मंदावणं ३६ लाख पट आहे.

आता दाब काढू. रसाच्या बाजूच्या पृष्ठभागाशी चुंबकीय क्षेत्र जास्तीत जास्त ०.१ टेस्ला आहे असं समजू. चुंबकीय क्षेत्र आणि त्यानेच उठवलेला प्रवाह यांच्यातलं बल रसाला आतल्या बाजूला ढकलतं. त्याची सरासरी दर चौरस मीटरला सुमारे २००० न्यूटन, म्हणजे २०० किलो वजनाइतकी भरते. एवढा दाब वितळलेल्या पोलादाचा सुमारे ३ सेंटिमीटर उंचीचा थर तोलून धरू शकतो. उंचवटा तिथून येतो.

याच क्षेत्राने पोलादात दर चौरस मीटरमागे शोषली जाणारी शक्ती निघते सुमारे १ लाख ६७ हजार वॅट. तिला प्रकाशाच्या वेगाने भागा, तर न्यूटनचा हजारावा भागही हाती येत नाही. तिला पोलादातल्या लहरीच्या वेगाने, म्हणजे ८३ ने भागा. उत्तर बरोबर २००० येतं. हा आकड्यांचा योगायोग नाही. रसाची बाजू सपाट धरून बीजगणित केलं, तर कोणत्याही वारंवारतेला आणि कोणत्याही चांगल्या वाहक धातूला हेच सूत्र मिळतं: सरासरी दाब म्हणजे शोषलेली शक्ती भागिले पदार्थातल्या लहरीचा वेग. मला या संपूर्ण विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. भट्टीवाल्यांना अनुभवाने ठाऊक असलेला एक नियमही यातून आपोआप बाहेर पडतो. वारंवारता कमी केली की पोलादातली लहर आणखी मंद होते, आणि तेवढ्याच शक्तीला धक्का जास्त बसतो. म्हणून कमी वारंवारतेच्या भट्टीत घुसळण जोरात होते.

घुसळणीचं कारण वेगळं नाही. वेटोळ्याची उंची मर्यादित असल्यामुळे मध्यावर धक्का जास्त आणि वरखाली कमी असतो. मध्यावरचा रस आत ढकलला जातो, तिथे दुभंगून काही वर व काही खाली जातो आणि भिंतीलगत परत येतो. फेरोसिलिकॉन किंवा फेरोमँगनीज टाकल्यावर ते सगळीकडे सारखं मिसळतं ते यामुळे. पण उंचवटा फार वाढला तर मळी कडेला जमून अस्तर खाते आणि मधला उघडा रस हवेला लागतो. धक्का हवा, पण बेताचा.

इथे शंभर वर्षं चाललेल्या एका वादाकडे वळलं पाहिजे. पारदर्शक पदार्थात शिरल्यावर प्रकाशाचा संवेग वाढतो की घटतो? १९०८ साली हर्मान मिंकोव्स्कीच्या सूत्राने तो अपवर्तनांकाच्या पटीत वाढला. १९०९ साली माक्स अब्राहमच्या सूत्राने तो तितक्याच पटीत घटला. उत्तर द्यायला मिंकोव्स्की उरला नव्हता, त्या वर्षीच्या जानेवारीत तो वारला होता. पुढे प्रयोगही दोन्ही बाजूंनी बोलले. १९५४ साली जोन्स आणि रिचर्ड्स यांनी द्रवात आरसा टांगून प्रकाशाचा दाब मोजला, तो अपवर्तनांकाबरोबर वाढला. १९७५ साली वॉकर आणि सहकाऱ्यांनी बेरियम टायटेनेटवर केलेल्या प्रयोगात अब्राहमच्या सूत्रातलं बल दिसलं.

आषाढीला पंढरपुरात वाट काढणाऱ्या वारकऱ्याचा विचार करा. तो पुढे सरकतो तेव्हा आजूबाजूची माणसंही थोडी सरकतात. त्याच्या एकट्याची गती मोजली तर एक उत्तर, त्याच्यामुळे गर्दीत उठलेली हालचालही त्याच्याच नावावर मांडली तर दुसरं. पदार्थातला प्रकाशही असाच एकटा नसतो. अणूंमधले विद्युतभार त्याच्याबरोबर हलतात. २०१० साली स्टीफन बार्नेटने दाखवलं की दोन्ही सूत्रं आपापल्या जागी खरी आहेत आणि पदार्थाचा वाटा नीट मिळवला की एकूण संवेग एकच येतो. वाटणी बदलते, प्रत्यक्ष बल बदलत नाही.

भट्टीने हा वाद मिटवला असं मी म्हणणार नाही. काच प्रकाश पुढे जाऊ देते, पोलाद क्षेत्र गिळून टाकतं, हा फरक मोठा आहे. पण ‘ऊर्जा भागिले पदार्थातला वेग’ हे मिंकोव्स्कीच्याच धाटणीचं सूत्र इथे टनावारी रस हलवताना दिसतं. अब्राहमच्या पद्धतीने पाहिलं तर निव्वळ क्षेत्राकडे संवेग नगण्य आहे, आणि जवळजवळ सगळा व्यवहार पोलादातल्या प्रवाहांमार्फत होतो. रसाला बसणारा धक्का दोन्ही हिशेबांत २००० न्यूटनच.

तो धक्का फुकटचा नसतो. रस आत ढकलला जातो तेवढ्याच जोराने वेटोळं बाहेर रेटलं जातं. म्हणून ते बोल्टांनी आणि आधारांनी घट्ट आवळलेलं असतं. बल क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे बदलतं, त्यामुळे ५०० हर्ट्झच्या भट्टीत ते सेकंदाला १००० वेळा कमीजास्त होतं. भट्टीजवळ ऐकू येणाऱ्या घुमण्यात हा सूर असतो. जड रसाला इतक्या झपाट्याने हलणं जमत नाही, तो फक्त सरासरीला दाद देतो.

पुढच्या आठवड्यात आपण हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला जाऊ. गुरुत्वीय लहरी लेसर आणि आरशांनी टिपणाऱ्या तिथल्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. लेसरचा दाब आरशाला किती हलवतो याची चिंता अशा यंत्राच्या रचनेतच धरावी लागते. तोवर जालन्यातल्या भट्टीवर काम करणाऱ्या वाचकांना एक विनंती. तुमच्या भट्टीची वारंवारता किती आहे आणि शक्ती वाढवल्यावर उंचवटा किती वाढतो, हे पत्राने कळवा. रसाकडे पाहताना निळा चष्मा मात्र काढू नका.