एका घरांतील दोन व्रतें

केस पिकले व नातवंडाचें तोंड दिसलें म्हणजे गृहस्थानें वनाची वाट धरावी, असें मनुस्मृति सांगते. तेथें पत्नीविषयीं दोन पर्याय दिले आहेत. तिला मुलांच्या हवालीं करावें, नाहीं तर बरोबर न्यावें. वनांत न जातां नवऱ्यानें घरींच वनवास मांडावा आणि बायकोनें त्याच घरांत आपला संसार पूर्ववत् चालवावा, हा तिसरा पर्याय आम्हांस कोणत्याहि स्मृतींत सांपडला नाहीं. आमच्या घरीं गेलीं सहा वर्षें तोच चालूं आहे.

आम्ही जळगांवचे, आमचें सासर धुळ्याचें. घरांत दोन चिरंजीव, दोन सुना, चार नातवंडें व आम्ही उभयतां असे दहा जण एका चुलीवर जेवतों. चूल म्हणजे अर्थात् गॅसची शेगडी. नोकरी संपल्यावर सकाळीं मेहरूण तलावाकडे फिरावयास जाण्याचा आम्हीं परिपाठ ठेविला. काठच्या झुडपांना पानांपेक्षां पिशव्या अधिक लटकलेल्या पाहून मनाला वाईट वाटे. राज्य सरकारनें मार्च २०१८ मध्यें प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, ती झुडपांपर्यंत कांहीं पोंचली नव्हती. जन्मभर वर्गांत अपरिग्रह शब्दाचा विग्रह फळ्यावर लिहून दाखविला, पण घरांत परिग्रह किती आहे तें कधीं मोजलें नाहीं, ही रुखरुख लागली. तेव्हां आम्हीं ठरविलें कीं, यापुढें वस्तु कमी, वीज कमी, कचरा कमी. नवें कापड वर्षांतून एकदां, तेंहि खादीचें. चहा बंद. साखरेच्या ठिकाणीं गूळ. आम्हीं ठरविलें म्हणजे आम्ही एकट्यानेंच ठरविलें, हें येथें स्पष्ट केलेलें बरें. 'आम्ही' हें सर्वनाम लेखांत शोभतें, घरांत तें बरेंच घोटाळे करितें.

पहिला बार आम्हीं स्वयंपाकघरावर काढला. मंडळी धुळ्यास भावाकडे गेल्या होत्या. तेवढ्या आठ दिवसांत आम्हीं प्लॅस्टिकचे एकूण एक डबे, बरण्या व बाटल्या भंगारवाल्यास देऊन टाकिल्या, आणि बाजारांतून स्टीलचे नवे डबे आणून फळीवर ओळीनें मांडले. परत आल्यावर त्या फळीकडे बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, ते डबे वीस-वीस वर्षांचे होते. अजून वीस वर्षें चालले असते. ते फेंकून हे नवे घेतले, यानें कचरा कमी झाला कीं वाढला?" छत्तीस वर्षें आम्ही इतरांचे पेपर तपासले, पण या प्रश्नाचें उत्तर आम्हांस सुचलें नाहीं.

आम्हांस न दिसलेली गोष्ट अशी कीं, जी काटकसर आम्ही पुस्तकांतून शिकूं पाहत होतों ती त्यांच्या हातांत अगोदरच होती. फाटक्या लुगड्याची गोधडी, गोधडी विरली कीं पायपुसणें, पायपुसण्याच्या चिंध्या झाल्या कीं त्या सायकल पुसण्यास, हा क्रम त्यांनीं कधीं मोडला नाहीं. त्या दुधाच्या पिशव्या धुवून वाळवितात, हें पूर्वीं आम्हांस चिक्कूपणाचें वाटे. मात्र याच बाई संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचीं गाळणीं डझनावारी आणतात, हेंहि खरें. दिवसांतून तीन वेळां दुधाचा, भरपूर साखरेचा चहा घेतात. मे महिन्यांत आमच्या गांवचा पारा पंचेचाळीस अंशांपुढें जातो, तेव्हां नळास रोज पाणी येत नसतांहि कूलरची टांकी भरून ठेवितात. त्यांच्या वागण्यास तत्त्व नाहीं, असें आम्ही तेव्हां म्हणत असूं.

दुसरा बार पाटा-वरवंट्याचा. मिक्सर वीज खातो म्हणून तो माळ्यावर टाकावा, चटणी व वाटण पाट्यावर करावें, असें आम्हीं सुचविलें. सुचविलें हा सौम्य शब्द झाला. सुनांनीं नकार दिला. मंडळींनीं कांहीं न बोलतां पाटा धुतला. भरताचीं वांगीं भाजावयाचीं, मिरच्या, लसूण, दाणे ठेंचावयाचे, आणि तें दहा माणसांपुरतें. दीड महिन्यानें त्यांचें उजवें मनगट सुजलें. डॉक्टरांनीं पट्टा बांधिला व विचारिलें, "या वयांत पाट्यावर वाटतां कशाला?" त्यांनीं आमच्याकडे न पाहतां उत्तर दिलें, "घरीं आवड आहे." त्यांनीं आमचें नांव घेतलें असतें तर आम्हांस कमी लागलें असतें.

त्या रात्रीं आम्हीं बराच विचार केला. साध्या राहणीचे जे आदर्श आमच्या खानदेशानें आम्हांस दिले ते कोण? इतिहासाचार्य राजवाडे. ते ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच वारले, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें आजहि आहे. अंगावर जाडेंभरडें कापड, हातानें केलेला स्वयंपाक. दुसरे विनोबा. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवार त्यांनीं गीतेचा एकेक अध्याय सांगितला. तिसरे साने गुरुजी, अमळनेरच्या शाळेंतले मास्तर, ज्यांनीं तीं प्रवचनें तेथेंच बसून लिहून घेतलीं. तिघांविषयीं आमची भक्ति आहे व राहील. पण राजवाड्यांची पत्नी ऐन तारुण्यांतच गेली व त्यांनीं दुसरा विवाह केला नाहीं. उरलेले दोघे ब्रह्मचारी. तिघांच्याहि घरांत दुसऱ्याचें मनगट नव्हतें! तुरुंगांतल्या त्या श्रोत्यांत गृहस्थाश्रमीहि होते, शेठ जमनालाल बजाजांसारखे. त्यांच्या पत्नी जानकीदेवींनीं पतीच्या सांगण्यावरून दागिने व पडदा सोडला हें प्रसिद्ध आहे. पति आंत असतां बाहेर घर चालविणाऱ्या इतर अनेक बायांचीं नांवें मात्र कोणीं लिहून ठेविलीं नाहींत.

म्हणून संसारी माणसाचें उदाहरण शोधीत आम्ही महर्षि कर्व्यांपाशीं आलों. अण्णांचा त्याग शाळेंत शिकविण्यासारखा आहे. १८९६ सालीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हां आपल्या विम्याची पांच हजार रुपयांची पॉलिसी त्यांनीं संस्थेस देऊन टाकिली. पुढें हिंगण्याच्या माळावर झोपडी झाली आणि फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविणारे हे प्राध्यापक दोन्हीं ठिकाणांमधली वाट पायीं तुडवूं लागले. हा धडा आम्हीं किती वर्गांना सांगितला असेल! पण अण्णांचें 'आत्मवृत्त' जितकें वाचलें जातें तितकें बायांचें 'माझें पुराण' वाचलें जात नाहीं. तें १९४४ सालीं निघालें. बाया म्हणजे पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांतल्या गोदूबाई. बालविधवा. १८९३ मध्यें अण्णांशीं पुनर्विवाह झाला म्हणून आनंदीबाई. पॉलिसी देऊन टाकिल्याची गोष्ट त्यांस मुळींच रुचली नाहीं. उद्यां यांचें कांहीं बरेंवाईट झालें तर मुलांनीं कोणाच्या दारीं जावें, हा त्यांचा प्रश्न होता. पुनर्विवाहामुळें आप्तांचीं दारें आधींच लागलेलीं, त्यामुळें तो प्रश्न रिकाम्या मनाचा नव्हता. त्यावर बायांनीं काय केलें? त्यांनीं सुईणीचें शिक्षण घेतलें, चार पैसे मिळविले, घर चालविलें. आणि ज्या संस्थेनें आपल्या घरचा पैसा नेला तिच्यासाठींच पुढें दारोदार वर्गणी मागत हिंडल्या. अण्णांस १९५८ सालीं भारतरत्न मिळालें, त्याच्या आठ वर्षें आधींच बाया गेल्या होत्या. अण्णांच्या थोरवीस यानें कांहीं उणेपणा येतो असें आम्हांस वाटत नाहीं. पण त्यागाच्या वहींत दोन रकाने असतात आणि एका हातानें सोडलेलें ओझें पुष्कळदां दुसरा हात उचलतो, हें आम्हांस त्या पुस्तकानें दाखविलें. त्यासाठीं आम्हांस साठी उलटावी लागली.

येथें बृहदारण्यकाची आठवण होते. याज्ञवल्क्य घर सोडून निघाले तेव्हां दोघी पत्नींत धन वांटूं लागले. मैत्रेयीनें अमृतत्वाचा प्रश्न विचारला आणि ती अमर झाली. दुसरी कात्यायनी. तिला नुसती बायकी समज होती, एवढी एक नोंद करून उपनिषद् पुढें जातें. ती तेथें एक शब्दहि बोलत नाहीं. गाईंचें दूध कोण काढी, आल्यागेल्या शिष्यांस कोण वाढी, हें आम्हीं वर्गांत कधीं कोणास विचारलें नाहीं. एका विद्यार्थिनीनें आम्हांस एकदां विचारलें होतें. तिला आम्हीं हा प्रश्न परीक्षेस येत नाहीं असें सांगितलें.

गांधीजींनीं स्वतःच्या 'सत्याच्या प्रयोगां'त या बाबतींत दोन प्रसंग सांगितले आहेत, ते शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला १८९८ च्या सुमाराचा, डर्बनचा. घरीं राहणाऱ्या एका कारकुनाचें, जन्मानें पंचम गणल्या गेलेल्या गृहस्थाचें, मूत्रपात्र कस्तूरबांनीं साफ करावें, आणि तें हंसतमुखानें करावें, असा पतीचा हट्ट. बा तें करीत, पण डोळ्यांत पाणी येई. तेव्हां संतापून त्यांनीं बांना हात धरून फाटकापर्यंत ओढीत नेलें. तत्त्व उदात्त होतें यांत शंका नाहीं. तरी त्या घटकेपुरता तो माणूस कोणास आदर्श म्हणून दाखवितां येणार नाहीं, आणि तसें त्यांनींच लिहून ठेविलें आहे. दुसरा प्रसंग बांच्या दुखण्यांतला, दक्षिण आफ्रिकेंतलाच. मीठ व डाळ सोडून पाहा, असा त्यांनीं आग्रह धरिला. बा म्हणाल्या कीं, हें तुम्हांला कोणीं सांगितलें तर तुमच्यानेंहि होणार नाहीं. त्यासरशीं गांधीजींनीं स्वतः एक वर्षभर दोन्हीं सोडलीं, बा सोडोत वा न सोडोत. बा रडल्या, सोडतें म्हणाल्या, शपथ मागें घ्या म्हणून विनविलें. पण त्यांनीं ती मागें घेतली नाहीं. या दुसऱ्या प्रसंगांतहि थोडी जबरदस्ती आहे, असें आमच्या मंडळींचें मत. "यांनीं मीठ सोडल्यावर ती बिचारी खाणार कशी?" असें त्या म्हणाल्या. आम्हांस मात्र फरक वाटतो तो एवढाच कीं, पहिल्या वेळीं हात तिचे होते, दुसऱ्या वेळीं जीभ स्वतःची होती.

आणि रेव्हरंड टिळक व लक्ष्मीबाई! तेथें तर भेद मिठाचा नव्हे, धर्माचा. फेब्रुवारी १८९५ मध्यें टिळकांनीं मुंबईस ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हां लक्ष्मीबाई सोंवळ्याओंवळ्यांत वाढलेल्या बाई. जवळजवळ पांच वर्षें दुरावा. पुढें नगरास एकत्र आल्या तरी आपला स्वयंपाक आपण निराळा ठेवीत. जातिभेद मानूं नये हें त्यांस पटलें तें त्यांच्या स्वतःच्या विचारानें, व त्यानंतर १९०० मध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय कोणास पटेल, कोणास पटणार नाहीं. तो येथें विषय नाहीं. 'स्मृतिचित्रें' वाचतांना आमचें लक्ष त्या निराळ्या स्वयंपाकावर खिळून राहतें. एका संसारांत दोन चुली, आणि तरीहि संसार एकच.

आमच्या घरीं दोन चुली मांडण्याइतकी जागा नाहीं. पण मनगटाचा पट्टा सुटल्यावर मिक्सर माळ्यावरून आम्हींच खालीं काढला. पाटाहि राहिला, त्यावर आठवड्यांतून दोनदां चटणी वाटतों ती आम्ही. प्रथम ती इतकी भरड होई कीं नातू तीस खडी म्हणे. बाजाराच्या कापडी पिशव्या आम्ही धुतों. ओला कचरा निवडून गच्चीवरच्या मातीच्या कुंड्यांत जिरवितों, सुका तेवढा घंटागाडींत टाकितों. कुंड्यांचा वास येतो अशी थोरल्या सूनबाईंची तक्रार आहे व ती खरी आहे. आम्ही चहा घेत नाहीं, पण सकाळीं पहिला चहा मंडळींना करून देतों, साखर त्यांच्या मापानें घालून. गेल्या संक्रांतीस वाण म्हणून त्यांनीं लाकडी चमचे आणले. आम्हीं कांहीं सुचविलें नव्हतें. कारण विचारल्यावर "गाळणीं महागलीं," एवढेंच उत्तर मिळालें. कूलरवर अजून तह झालेला नाहीं. आम्ही ओला पंचा अंगावर घेऊन गच्चीवर निजतों, त्या खालीं कूलरसमोर. रात्रीं कधीं वारा पडला तर आम्हीहि खालीं जातों, हें येथें कबूल करितों.

यंदा चैत्रांत बिबडे घालण्याचा दिवस आला. ज्वारीचा घाटा शिजला, शेजारच्या दोघी हाताखालीं आल्या, आणि मंडळींनीं गच्चीवर प्लॅस्टिकचा भला मोठा कागद पसरला. आम्हीं तोंडावर बोट ठेविलें. बहुधा तें त्यांस दिसलें. त्यांनीं कागद गुंडाळून ठेविला व आमचें एक जुनें धोतर ओलें करून त्यावर पहिला घाणा थापला. संध्याकाळीं निम्मे बिबडे धोतरास चिकटून फाटले. त्या कांहीं बोलल्या नाहींत. तुकडे एका परातींत गोळा करून तळून नातवंडांना दिले. दुसऱ्या दिवशीं तोच कागद पुन्हां अंथरला. तो अकरा वर्षांचा आहे, असें त्यांनीं आम्हांस ऐकूं जाईल इतक्या मोठ्यानें शेजारणीस सांगितलें. बिबडे वाळल्यावर कागद पुसून, चार घड्या घालून आम्हींच माळ्यावर ठेविला.