भोपळ्यातल्या म्हातारीची गोधडी

परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्याभोवती काळ्या रानात कापूस पिकतो. त्यामुळे पांघरूण म्हटलं की आधी कापसाची रजई आठवते. पण लहान मुलासाठी गोष्टीची गोधडी करायची असेल तर कापूस बाजूला ठेवा. मुलाचं पांघरूण वारंवार धुवावं लागतं आणि धुतलं की कापसाच्या गुठळ्या होतात. जुन्या सुती लुगड्याचे थर जागचे हलत नाहीत, लवकर वाळतात.

आधी गोष्ट निवडायची. ज्या गोष्टीतली माणसं आणि जनावरं नुसत्या बाह्याकृतीवरून ओळखू येतात, ती चांगली. लेकीकडे निघालेली आणि भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी यासाठी फार सोयीची आहे. म्हातारी, कोल्हा, वाघ, लेकीचं घर, भोपळा आणि सुखरूप घरी पोचलेली म्हातारी, अशा सहा चित्रांत सगळी गोष्ट येते. पुस्तकच हवं असेल तर माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ घ्या. प्रत्येक चौकोनात घरातलं एक माणूस आणि ते त्याच माणसाच्या जुन्या कपड्यातून कापलेलं. आजोबांच्या सदऱ्याचेच आजोबा!

अक्षरं मात्र नकोत, असं माझं मत. फेथ रिंगगोल्ड या अमेरिकी चित्रकर्तीनं 1988 मध्ये ‘टार बीच’ ही गोधडी केली, तेव्हा कापडी पट्ट्यांवर अख्खी गोष्ट लिहिली होती. पुढे 1991 मध्ये तिचं मुलांसाठी चित्रपुस्तक निघालं. पण ती गोधडी भिंतीवर लावायची होती. अंथरुणातल्या पोरानं चित्रावर बोट ठेवून गोष्ट आपल्या तोंडानं सांगावी. शब्द एकच शिवा, मुलाचं नाव.

आता मापं. लुगड्याचा पन्हा साधारण 45 इंच असतो, म्हणून गोधडी 44 इंच रुंद आणि 56 इंच लांब ठेवा, म्हणजे थरांना जोड द्यावा लागत नाही. नऊ वार म्हणजे 324 इंच. त्यातून 60 इंचांचे पाच तुकडे निघतात. सर्वांत धड तुकडा पाठीला, तीन विरलेले मधल्या थरांना आणि पाचव्यातून वरचे साधे चौकोन.

वरच्या बाजूला 12 इंचांचे 12 चौकोन येतात, आडवे तीन आणि उभे चार. शिवणीसाठी प्रत्येक चौकोन 13 इंचांचा कापा. एक चित्राचा, एक साधा असे आलटूनपालटून मांडले की सहा चित्रं बरोबर बसतात. भोवती चार इंचांची गडद पट्टी लावा, मळ दिसत नाही.

कोरं कापड आधी धुऊन घ्यायचं, नाहीतर ते नंतर आटून चित्र आक्रसतं. लाल कापड ओलं करून पांढऱ्या रुमालावर दाबून बघा. रंग उतरला तर वाघाला दुसरं कापड शोधा. चित्राचा साचा जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर काढा, कापड पाव इंच जास्त ठेवून कापा आणि कड आत मोडून बारीक टाक्यांनी शिवा. कोल्ह्याची शेपटी टोकदार काढण्याचा हट्ट नको, दुमडताना हमखास फुगते. डोळ्यांना बटणं किंवा टिकल्या लावू नका, लहान मूल त्या ओढून तोंडात घालतं. दोऱ्यानंच डोळे भरा.

चौकोन जोडले की बिनजरीचा काठ वाट म्हणून शिवायचा. पहिल्या ओळीत तो डावीकडून उजवीकडे जातो, दुसऱ्या ओळीत उलटा फिरतो, तिसऱ्या ओळीत पुन्हा उजवीकडे. म्हातारीची वाट साध्या चौकोनांतूनही जाते, त्यामुळे तेही गोष्टीत येतात.

ही सगळी सजावट थर एकत्र करण्याआधी पुरी व्हायला हवी. नंतर चित्र शिवलं तर सुई पाच थरांतून ओढावी लागते आणि पाठीवर टाके वेडेवाकडे दिसतात.

मग पाठीचं कापड जमिनीवर ताणून पसरा, कोपऱ्यांवर दगड ठेवा आणि एकेक थर हातानं साफ करत वर घाला. सगळ्यांत महत्त्वाचं काम इथलं, आणि कंटाळून टाळलं जातं तेही हेच: कच्चे टाके. ते मधून सुरू करून कडांकडे, वीतभर अंतरानं घालायचे. सुरकुती बाहेर सरकत जाते. धावदोरा मात्र जुन्या रीतीनं कडेपासून आत, चौकोनी फेऱ्यांनी येतो. कच्चे टाके नसतील तर प्रत्येक फेरीला कापड आत ढकललं जातं आणि शेवटी मध्यभागी फुगवटा उरतो. तो मग टाके उसवल्याशिवाय जात नाही.

फेऱ्यांत बोटभर अंतर ठेवा, दोरा हातभरच घ्या. लांब दोऱ्याला गुंता होतो. चित्र आलं की दोरा त्याच्या कडेकडेनं फिरवा. वाघाच्या तोंडावरून टाके गेले की वाघ वाघ राहत नाही. फेऱ्या संपल्यावर कडेला गोट लावा आणि कच्चे टाके काढून टाका.

वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत असलं सुटं पांघरूण घालू नये, तोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो. तोवर जागं असताना खाली अंथरा. धुतल्यावर ओली गोधडी दोरीवर लोंबकळत टाकू नका, वजनानं टाके ताणतात. बाजेवर सावलीत पसरा. रोज तासभर बसायची तयारी असेल तर दोन महिने धरा. थंडीला हवी असेल तर पोळ्याच्या सुमारास कापड कापायला घ्या.