गंगेच्या माहेरी जाताना

ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेपासून दशमीपर्यंतचे पर्व म्हणजे गंगा दशहरा. कायिक तीन, वाचिक चार व मानसिक तीन अशा दशविध पापांचे हरण करणारी म्हणून ही दशमी 'दशहरा' म्हणविली जाते. यात्रेहून आणलेल्या गंगेच्या गडूचे पूजन करून मावंदे घालण्याची आपली परंपरा आहे. त्या गडूतील जलाच्या उगमाची चिंताही या पर्वात वाहावी, असे आम्हांस वाटते.

गंगा ही हिमवानाची कन्या. गंगोत्रीच्या मंदिरापासून सुमारे १८ किलोमीटरांवर गोमुख आहे. सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या गंगोत्री हिमनदीचे ते मुख. तेथूनच भागीरथी प्रकट होते. १९३५ सालापासून हे मुख एक किलोमीटरहून अधिक मागे सरले आहे. त्याचे मुख्य कारण वाढते तापमान होय. त्याचा सारा दोष यात्रेकरूंच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. परंतु जे आपल्या हाती आहे, त्याचे काय?

वाटेतील भोजबासा हे स्थान भूर्जवृक्षांच्या नावाने ओळखले जाते. ज्याच्या सालीवर पूर्वजांनी ग्रंथ लिहिले, तोच हा वृक्ष. उभ्या उतारावरील माती तो मुळांनी धरून ठेवतो. यात्रेकरूंच्या चुलींसाठी त्याच्यावर कुऱ्हाड चालली. त्या थंडीत घटकाभरात जळालेले झाड पुन्हा वाढण्यास कित्येक दशके लागतात. गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी १९८९ पासून गंगोत्री रक्षणाचे कार्य हाती घेऊन तेथे भूर्जाची रोपे लावली.

२००८ पासून गोमुखाकडे दिवसाला १५० जणांनाच परवान्याने जाऊ देण्याचा नियम झाला. 'देवाच्या दारी परवाना कशाला?' असे कोणी विचारील. परंतु गंगेचा वेग पृथ्वीला असह्य झाला, तेव्हा शंकरांनी तिला जटेत आवरले ना? भक्तांच्या ओघालाही अशीच जटा हवी.

अदत्तादान व हिंसा ही दहांतील पहिली दोन कायिक पापे. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान. भूर्जाची फांदी मोडणे, हे दोन्ही नव्हे काय? म्हणून यात्रेस निघणाऱ्यांनी सरपण तोडू नये, प्लॅस्टिक व निर्माल्य प्रवाहात टाकू नये. परवाना न मिळाल्यास गंगोत्रीच्या घाटावरच स्नान करावे. तेथे वाहणारे जल गोमुखाचेच आहे. पाप धुण्यास गेलेल्याने उगमी नवे पाप ठेवून येऊ नये, एवढीच आमची प्रार्थना.