नोंद एकदा, पाने अनेक

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात कांद्याचे भाव निघतात तेव्हा ‘उन्हाळ’ आणि ‘गोल्टी’ हे शब्द सहज कानावर पडतात. उन्हाळ म्हणजे रब्बीत लावलेला, उन्हाळ्यात निघणारा आणि चाळीत टिकणारा कांदा. गोल्टी म्हणजे आकाराने लहान कांदा. अशा बाजारी शब्दांचा कोश करायचा तर शब्द गोळा करण्याइतकाच ते साठवायचे कसे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मराठी मजकूर संगणकावर जुळवला जाऊ लागला तेव्हा युनिकोड रुळलेले नव्हते. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले फॉन्ट छापखान्यांत वापरात होते. तसा फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाईल उघडली, की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. छापील अंक वाचता येतो. त्याची संगणकातली प्रत मात्र मुकी झालेली असते.

युनिकोडने अक्षरे वाचवली, पण मजकुराची रचना वाचवण्याचा प्रश्न उरतो. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती सुमारे साठ हजार शब्दांची आहे. तीत शब्द, लिंग, मूळ भाषेची खूण आणि अर्थ असा क्रम असतो. वाचकाला हे घटक नजरेने वेगळे करता येतात. संगणकाला ‘हे ठळक अक्षर’ एवढेच सांगितले, तर तो मूळ शब्द आहे की उपशीर्षक, हे त्याला कळत नाही.

१९९८ साली प्रमाणित झालेली एक्सएमएल ही पद्धत इथे उपयोगी पडते. तीत मजकूर कसा दिसावा हे न सांगता तो काय आहे, हे सांगायचे असते. खुणांची नावे आपणच ठरवायची, आणि ती देवनागरीतही चालतात:

<नोंद><शब्द>गोल्टी</शब्द><लिंग>स्त्री</लिंग><अर्थ>आकाराने लहान कांदा</अर्थ></नोंद>

दिसण्याचे नियम दुसऱ्या फाईलमध्ये लिहायचे. त्यासाठीची एक्सएसएलटी ही भाषा १९९९ साली प्रमाणित झाली. ‘नोंद’ आली की नवा परिच्छेद, ‘शब्द’ आला की ठळक अक्षर, असे ते नियम असतात. नोंदी आणि नियम एकत्र आणायला ‘एक्सएसएलटीप्रॉक’ हे मोफत साधन आहे. त्याला खिडक्या नाहीत, बटणे नाहीत. कमांड लाइनवर साधनाचे नाव, मग नियमांची फाईल, मग नोंदींची फाईल, आणि तयार पान कोणत्या नावाने ठेवायचे ते लिहायचे. एंटर दाबले की वेबपान तयार होते. नोंदी पाचशे असोत वा पाच हजार, आज्ञा तीच.

उद्या फक्त स्त्रीलिंगी शब्दांची यादी हवी असेल, किंवा मोबाईलसाठी वेगळी मांडणी, तर नियम बदलायचे. नोंदींना हात लावायचा नाही. एखादी खूण बंद करायची राहिली, तर साधन ओळीचा क्रमांक दाखवून चूक सांगते. मात्र अर्थ चुकीचा लिहिला, तर ते काहीही बोलत नाही. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ वर्णक्रमात कुठे घ्यायचे, हाही निर्णय संपादकाचाच.

म्हणून कोशकाराने आपला वेळ नोंदीवर खर्च करावा. पाच-दहा वर्षांत संकेतस्थळाचे रूप बदलतेच. तेव्हा नियमांची फाईल नव्याने लिहिता येईल. लिलावात बोलला जाणारा शब्द, त्याचे लिंग आणि त्याचा नेमका अर्थ मात्र तो वापरणारी माणसे आहेत तोवरच विचारून घेता येतो.