छोट्या इतिहासांची दीडशे वर्षं

१८७४ साली मॅकमिलनने जॉन रिचर्ड ग्रीन यांचं ‘अ शॉर्ट हिस्टरी ऑफ द इंग्लिश पीपल’ बाजारात आणलं आणि ते हातोहात खपलं. ग्रीन पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत धर्मोपदेशक होते. क्षयाने प्रकृती ढासळली तेव्हा त्यांनी ते काम सोडलं आणि आजारपणातच हे पुस्तक लिहून काढलं. इंग्लंडचा इतिहास म्हणजे राजे आणि लढाया नव्हेत, अशी त्यांची धारणा होती आणि प्रस्तावनेतच त्यांनी ती स्पष्ट मांडली. क्रेसीच्या लढाईपेक्षा चॉसर या कवीला आणि यॉर्क-लँकेस्टर घराण्यांच्या भांडणापेक्षा इंग्लंडमध्ये छापखाना आणणाऱ्या कॅक्स्टनला त्यांनी अधिक जागा दिली.

लगेच झोड उठली. जेम्स रौली या अभ्यासकाने ‘फ्रेझर्स मॅगझिन’मध्ये ग्रीन यांच्या चुकांची लांबलचक जंत्रीच छापली. चुका खऱ्या होत्या. ग्रीननी त्या पुढे दुरुस्तही केल्या. पण वाचक पुस्तकापासून दूर गेला नाही. आपल्या देशाच्या इतिहासात आपल्यासारखी माणसं पहिल्यांदाच एवढ्या ठळकपणे त्याला भेटत होती.

इथूनच छोट्या इतिहासांना दोन मापं लागली. अभ्यासक विचारतो, यात चुकलंय काय? वाचक विचारतो, यात आहे कोण आणि गाळलंय कोणाला? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या आवृत्तीत देता येतं. दुसऱ्यासाठी बहुधा दुसरं पुस्तकच लिहावं लागतं.

ग्रीन यांच्या घरातच ते लिहिलं गेलं. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस स्टॉपफर्ड ग्रीन मूळच्या आयर्लंडच्या. १८८३ मध्ये पतीचं निधन झाल्यावर त्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्त्यांवर त्यांनी मेहनत घेतली आणि त्याबरोबर स्वतःचा इतिहासाचा अभ्यासही वाढवला. इंग्रज येण्यापूर्वी आयर्लंड रानटी होता, हा समज त्यांना मान्य नव्हता. १९११ साली ‘आयरिश नॅशनॅलिटी’ या लहानशा पुस्तकात त्यांनी आयरिश समाजाची विद्या, कायदा आणि व्यापार वाचकांपुढे ठेवला. त्या जुन्या आयर्लंडचं चित्र त्यांनी फार उजळ रंगवलं, ही टीका रास्त आहे. तरीही ज्या देशाला शेजाऱ्याच्या इतिहासात केवळ बंडखोराची जागा मिळत होती, त्याचं म्हणणं मांडणं गरजेचंच होतं. १९२२ मध्ये त्या आयरिश सिनेटच्या सदस्य झाल्या.

दरम्यान, १८८५ पासून टी. फिशर अन्विन या प्रकाशकाने ‘द स्टोरी ऑफ द नेशन्स’ ही माला सुरू केली होती. एका राष्ट्राला एक खंड, असा तिचा बेत होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने तिच्यातली पुस्तकं ‘राष्ट्रकथामाला’ म्हणून मराठीत आली. याच बडोद्यात गो. स. सरदेसाईंनी १८९३ साली सीली या इंग्रज इतिहासकाराच्या ग्रंथाचा ‘इंग्लंड देशाचा विस्तार’ हा मराठी अनुवाद केला. राज्यकर्त्यांचा देश मोठा कसा झाला, हे पारतंत्र्यातल्या वाचकाला आपल्या भाषेत समजून घेता येऊ लागलं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रकारातलं सर्वांत धाडसी पुस्तक पोलंडवर लिहिलं गेलं. डिसेंबर १९८१ मध्ये तिथे लष्करी कायदा लागू झाला होता. १९८४ साली नॉर्मन डेव्हिस यांनी ‘हार्ट ऑफ युरोप’मध्ये काळाचा क्रमच उलटा केला. आधी तेव्हाचा पोलंड आणि ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेची चळवळ, मग एकेक पायरी मागे. समोर चाललेल्या संघर्षाचं मूळ कशात आहे, हे त्यांना दाखवायचं होतं, आणि ही रचना त्या हेतूला चपखल बसली. कम्युनिस्ट राजवटीच्या मर्जीबाहेरच्या या इतिहासकाराला पोलिश वाचकांनी डोक्यावर घेतलं. दुसरीकडे, पोलंडमधल्या ज्यूद्वेषाबाबत ते हात आखडता घेतात, असा आरोप काही अभ्यासकांनी केला. १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने त्यांना नेमणूक नाकारली, तेव्हा हाच वाद कारणीभूत असल्याचं सांगत ते कोर्टात गेले. खटला त्यांनी गमावला. पुस्तकाच्या २००१ च्या आवृत्तीचं उपशीर्षकही बदललं, कारण ज्या वर्तमानापासून ते सुरू होत होतं, तोच इतिहासजमा झाला होता.

ताजं उदाहरण जेम्स हॉज यांच्या ‘द शॉर्टेस्ट हिस्टरी ऑफ जर्मनी’चं. २०१७ साली आलेल्या या आटोपशीर पुस्तकात दोन हजार वर्षं बसवली आहेत आणि ती एका सूत्रात ओवली आहेत: ऱ्हाइनकाठचा, रोमन वारशाचा पश्चिम जर्मनी हा मूळचा युरोपीय, आणि एल्बे नदीपलीकडचा प्रशिया हा सगळ्या अरिष्टांचा उगम. या सूत्रामुळेच पुस्तक एका बैठकीत वाचून होतं, आणि याच सूत्रावर वाचकांची सर्वांत मोठी हरकत आहे. नाझी पक्षाचा जन्म म्युनिकचा, आणि ते शहर प्रशियाचं नव्हे, तर बव्हेरियाचं. जुन्या रोमन सरहद्दीच्या आतलं. सप्टेंबर २०२४ मध्ये अति-उजव्या ‘एएफडी’ने राज्याच्या निवडणुकीत पहिल्यांदा पहिला क्रमांक मिळवला तो थुरिंजियात. थुरिंजिया पूर्वीच्या पूर्व जर्मनीचा भाग खरा, पण एल्बेच्या पश्चिमेला. त्यामुळे तिथल्या मतांमागे प्रशिया किती आणि चाळीस वर्षांची कम्युनिस्ट राजवट किती, हे हॉज यांच्या वाचकाला आता वेगळं करून पाहावं लागेल.