पडवीची आकारणी

घरपट्टी वाढली म्हणून कुरकुरणारी माणसं गावोगाव भेटतात. पण वाढलेली पट्टी मुकाट्याने भरून, पहिल्या सहा महिन्यांत भरली म्हणून ५ टक्के सूटही पदरात पाडून, नंतर निव्वळ एका पडवीसाठी पौडला पंचायत समितीत अपील लावणारा माणूस मला ठाऊक नव्हता. वाचणाऱ्या पैशांपेक्षा जाण्यायेण्याचं भाडंच जास्त. म्हणून तात्यांना भेटायला गेलो. गाव मुळशीच्या जांबे-नेरे पट्ट्यातलं; नाव लिहीत नाही.

हा सगळा पट्टाच अधांतरी आहे. एका अंगाला हिंजवडीचं आयटी पार्क, दुसऱ्या अंगाला पुनावळ्यापर्यंत येऊन ठेपलेली पिंपरी-चिंचवड महापालिका. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे, सांगवडे, गहुंजे ही सात गावं महापालिकेत घ्यायची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. पुणे महापालिकेत गेलेल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीने मिळकतकराच्या बोज्याने हैराण होऊन बाहेर पडायची मागणी लावून धरली आणि २०२४ मध्ये ती गावं वगळली गेली, हे इथे पारावर सगळ्यांना पाठ आहे.

ग्रामपंचायतीचा हिशेब वेगळा. ३१ डिसेंबर २०१५ च्या नियमदुरुस्तीपासून घरपट्टी भांडवली मूल्यावर बसते. जमिनीचा रेडी रेकनरचा दर, बांधकामाचा दर, इमारतीचं वय आणि वापर यांतून मूल्य काढायचं आणि दर हजारी काही पैसे कर लावायचा. मातीच्या घराला हजारी ३० ते ७५ पैसे, आरसीसीला १२० ते २०० पैसे. म्हणजे दहा लाख मूल्याच्या आरसीसी घराला बाराशे ते दोन हजार रुपये. शेजारी टॉवर उठले की जमिनीचा दर चढतो आणि ज्याने गुंठाही विकला नाही त्याचंही मूल्य वाढतं. याला न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण त्यावर अपील चालत नाही. अपील चालतं ते नमुना ८, म्हणजे पंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीतल्या नोंदीवर.

तात्यांची नोंद होती आरसीसी, ६४० चौरस फूट. काकू चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, “चारशे बारा. स्लॅब तेवढाच हाय.” उरलेली २२८ फुटांची पडवी मातीच्या भिंतींची, वर पत्रा, आत भाताचा पेंढा. आकारणीची यादी पंचायतीच्या फलकावर लागली तेव्हा हरकत घ्यायची, हे तात्यांना बिल हातात पडल्यावर कळलं.

मोजणीच्या दिवशी पंचायतीचा शिपाई टेप घेऊन आला. याआधीची मोजणी कुणी केली, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पडवीत शिरलं की ओलसर पेंढ्याचा वास नाकात बसतो; घरी आल्यावरही माझ्या शर्टाला तो होता. शिपायाने टेपचं टोक तात्यांच्या हातात दिलं, स्वतः दुसऱ्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसला, पेंढ्याच्या भाऱ्यामागे हात घालून भिंत चाचपली. “एकोणीस.” मग आडवं, “बारा.” भिंतीचा पोपडा नखाने खरवडून बघितला आणि वहीत ‘माती’ असं लिहिलं. अख्ख्या प्रकरणाचा निकाल माझ्या लेखी तिथेच लागला. बाहेरून काकूंचा आवाज आला, “चारशे बाराच भरणार!”

बाकी काम कागदांचं. बिल, नमुना ८ चा उतारा, फोटो, अर्ज. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२४ नुसार पहिलं अपील पंचायत समितीकडे, त्यावरचं जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. तिचा निर्णय अंतिम. कायद्याने हा अधिकार लोकांनी निवडलेल्या मंडळींना दिला. पण मार्च २०२२ मध्ये इथल्या समित्यांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकच कारभार बघत राहिले.

शेजारच्या दोघांची नोंदही अशीच चुकलेली. ते अपिलाला तयार नाहीत. “उगाच बोट दाखवलं आणि उताऱ्यावरचं नावच गेलं तर?” नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही, तो कर कोणाकडून घ्यायचा याची नोंद आहे, हे मी सांगून पाहिलं. पटलं नाही. ज्याच्याकडे दुसरा कागदच नाही, त्याला हा उतारा सातबाऱ्याइतकाच जपावासा वाटतो.

तात्यांच्या घराच्या आता दोन नोंदी आहेत: आरसीसी ४१२, मातीची पडवी २२८. वर्षाला वाचतात काही शे रुपये. लोक हसतात; मी तात्यांच्या बाजूचा आहे. आकारणी चार वर्षांनी फिरून होते आणि चुकीची नोंद कुणी हटकली नाही तर तीच पुढे उतरते. तेव्हा यादी फलकावर लागली की आधी नमुना ८ चा उतारा मागा, घरी टेप लावा आणि हरकतीची मुदत संपायच्या आत अर्ज देऊन त्याची पोच घ्या.